मोहाची वही

वहीत चार रकाने: तारीख, नाव, किलो, सही.
अंगठ्यासाठी मी जागा मोठी ठेवली होती,
पण लहानीआत्या म्हणाली, मी सही करणार,
आणि तिचा ‘ल’ पुरा होईस्तोवर
रांग उंबरापर्यंत गेली.

काटा शाळेच्या पडवीत टांगलाय.
आधी रिकामी पाटी तोलायची,
सगळ्यांनी शून्य बघायचं,
मग फुलं.
हे शून्य बघायला म्हातारा धवळू रोज येतो.
त्याच्याकडे तोलायला काही नसतं.
त्याच्या तरुणपणी व्यापारी यायचा, मिठाची गोण घेऊन:
एक पायली चारोळी द्या, एक पायली मीठ घ्या.
“बरोबरच वाटायचं तेव्हा,” तो म्हणतो,
“माप तर एकच होतं.”

आमचा मोह फाल्गुनात गळतो.
नेमकी तेव्हाच पिंपळगावची द्राक्षं पिकतात.
दिवाळी उलटली की पाड्यावर पिकअप यायची.
दाराला बोराटीची फांदी लावून
आम्ही चाळीस माणसं, दोन शेळ्या, एक पाळणा
सावळघाट चढून जायचो.
मी वाढले ती बागेच्या बांधावर,
कागदात गुंडाळलेले दुसऱ्याचे घड मोजत.
इकडे आमचं फूल रात्रभर टपटपायचं,
डुकरांना, मुंग्यांना,
बंद दारांना.

वाळलेला मोह थेट मनुकेसारखा दिसतो.
हे मला कुणी सांगितलं नव्हतं.
दोन्ही एकेका मुठीत आले, तेव्हा कळलं.

वनहक्काचा कागद मिळाला
तेव्हा पहिलं वर्षभर आम्ही तो फक्त भिंतीवर लावला.
पेठहून पाहुणे आले की दाखवायचो.
मग कुणीतरी विचारलं, यात बांबू आहे का?
होता. पळस होता, हिरडा होता, डिंक होता,
डोंगराची वरची कडसुद्धा होती.
ज्या गार्डनं आईचा कोयता ओढून घेतला होता
तो आता पाड्यावर येतो, पाणी मागतो.
आई देते. तांब्या मात्र जरा जोरात ठेवते.

पूर्वी झाडाखालचा पाला पेटवायचे,
काळ्या भुईवर पिवळं फूल पटकन दिसतं म्हणून.
एका वर्षी तो जाळ डोंगर चढला.
करवंदीच्या जाळ्या तीन उन्हाळे फळल्या नाहीत.
म्हणून सभेत यमुनावहिनी उठली,
पदर तोंडाशी धरूनच म्हणाली: लुगडी बांधू.
चार खुंट्या, मध्ये जुनं लुगडं, झोळीसारखं.
कुणी लग्नातलं आणलं, कुणी सासूचं,
कुणी द्राक्षाच्या दुधानं डागाळलेलं.
पहाटे चढावर बघावं तर
सगळ्या पाड्याच्या बायका जणू झाडाखाली निजल्यात,
आणि झाडं, आवाज न करता,
त्यांच्या ओटीत टाकतायत.

नाल्यावरचं एक झाड आईनं तसंच सोडलं.
ते कुणाच्या नावावर, मी वहीसाठी विचारलं.
“लिही, रानाच्या.”
किलोच्या रकान्यात मी रेघ ओढली.

श्रीमंत वगैरे कुणी झालं नाही.
आमच्या घरचे एकशे चौदा किलो.
त्यात तेल आलं, बापाचा चष्मा आला,
दवाखान्याचं देणं अर्धं फिटलं.
यंदाही पिकअप आली होती, तीनदा हॉर्न वाजवला,
चाळिसांच्या जागी अकरा बसले.
अकरावा माझा भाऊ.
म्हणाला, फुलावर मोटरसायकलचा हप्ता भागत नाही.
खोटं नाही ते.
त्याचं नाव मी वहीत घातलंय, पुढचे रकाने कोरे.

आज धवळू पंचाच्या टोकात काहीतरी बांधून आला.
आधी त्यानं शून्य बघितलं, सवयीनं,
मग गाठ सोडली.
तीनशे ग्रॅम.
मागच्या पोरानं हसू दाबलं.
मी लिहिलं: धवळू सोमा भोये, शून्य पूर्णांक तीन.
त्यानं शाई नको म्हटलं,
तसाच फुलांचा अंगठा दाबला कागदावर
आणि बराच वेळ उचलला नाही.

ते पान आता
पुढच्या पानाला चिकटतं.